दोनदा शिबिराला गेलेली मुलं

समाजकार्याच्या वर्गात हे प्रकरण शिकवायची वेळ आली की मी आधी फळ्यावर दोन मुलं काढते, काड्यांचीच. दोघं दहा-साडेदहा वर्षांचे. वस्ती कारखान्यांच्या शेजारची, घरची परिस्थिती बेताची, शाळेतून दोघांविषयीही अधूनमधून कुरबुर येते. मग वर्गाला सांगते: यातल्या एकाला पाच वर्षं एक माणूस भेटत राहणार आहे. तो घरी येईल, अभ्यास घेईल, मुलगा आजारी पडला तर डॉक्टरकडे नेईल, सुट्टीत शिबिराला पाठवेल. दुसऱ्याला यातलं काहीच मिळणार नाही. तुमचा धाकटा भाऊ असता तर त्याला कुठल्या जागी उभं केलं असतंत? सगळे हात पहिल्या मुलासाठी वर जातात. मी विद्यार्थिनी होते तेव्हा माझाही गेला होता.

मग मी पर्समधून रुपया काढते आणि टेबलावर उडवते.

हे खरोखर असंच झालं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनला चिकटून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांतल्या मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. वय, घर, वस्ती, स्वभाव, पुढे वाकड्या वाटेला लागण्याची शक्यता, सगळं पाहून शक्य तितकी सारखी दोन मुलं एका जोडीत घातली आणि मदत कुणाला मिळणार ते नाणं उडवून ठरवलं. शेवटी अभ्यासात राहिली ५०६ मुलं, म्हणजे २५३ जोड्या. समाजकार्यात नाणं उडवून माणसं वाटायची कल्पना आजही पुष्कळांना क्रूर वाटते. पण ते नाणं उडवलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

कल्पना होती डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट यांची. १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवेची सुरुवात केली होती. आपल्याकडे मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी दिसते आणि बाहेर बाकावर नातेवाईक कागद घेऊन बसलेले असतात, त्या खोलीचं कूळ तिथवर जातं. दुसरी गोष्ट त्यांच्या स्वभावाची. निदान चुकलं होतं की नाही हे शवविच्छेदनात कळतं, तर ते चारचौघांसमोर तपासून घ्यावं, असा त्यांचा हट्ट होता. जिवंतपणी केलेलं निदान आणि मेल्यावर सापडलेलं कारण शेजारी शेजारी ठेवायची सवय त्यांनी अमेरिकन डॉक्टरांना लावली, आणि त्यात स्वतःच्या व्यवसायाच्या चुका मोजायला ते कचरले नाहीत.

१९३४ मध्ये शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याचा अभ्यास आला. बॉस्टनच्या बाल न्यायालयातून गेलेली एक हजार मुलं त्यांनी पुढे पाच वर्षं तपासली होती. न्यायालय, दवाखाना, समुपदेशन हे सगळं मिळूनही दहातली जवळजवळ नऊ मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडली होती. कॅबट हादरले. त्यांना वाटलं, आपण फार उशिरा पोहोचतो. गुन्हा घडायच्या आधीच, मूल लहान असतानाच, त्याला एक भला मोठा माणूस मित्र म्हणून मिळाला तर?

मित्र हा शब्द लक्षात ठेवायला हवा, पुढे तोच उलटणार आहे.

शिक्षक, पोलीस, चर्च, मुलांच्या संस्था यांच्याकडून नावं मागवली. फक्त ‘वाया चाललेली’ मुलं घेतली तर कार्यक्रमावरच शिक्का बसेल, म्हणून साधी-सरळ मुलंही मुद्दाम घेतली. १९३९ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी कॅबट वारले. समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा घरी जात. कार्यक्रम सरासरी साडेपाच वर्षं चालला. निम्म्या मुलांना शिकवणी मिळाली, शंभरावर मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत मिळाली, बऱ्याच जणांना स्काउट आणि वायएमसीएसारख्या संस्थांत घातलं आणि पुष्कळांना उन्हाळी शिबिरांना पाठवलं. महायुद्धात समुपदेशक सैन्यात गेले, पेट्रोलचं रेशनिंग आलं, आणि १९४५ च्या अखेरीला काम थांबलं.

एक गोष्ट मात्र त्या लोकांनी फार नेकीने केली. प्रत्येक भेटीनंतर समुपदेशकाने काय पाहिलं, काय बोलणं झालं, ते लिहून ठेवलं. आई कुणावर ओरडत होती, बाप घरी होता की नव्हता, मुलगा जिन्यात कुणाबरोबर उभा होता, सगळं. क्षेत्रकार्याची वही वेळेवर न लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते. त्या फायली होत्या म्हणून पुढे हे प्रकरण उभं राहिलं.

पहिली तपासणी १९४० च्या दशकाच्या शेवटी झाली. निकाल काहीच नाही. मदत मिळालेली आणि न मिळालेली मुलं गुन्ह्यांच्या बाबतीत जवळपास सारखीच. सगळे हिरमुसले, पण ‘अजून लहान आहेत, परिणाम मोठेपणी दिसेल’ असं म्हणायला जागा होती.

परिणाम मोठेपणी दिसलाच.

जोन मॅकॉर्ड या संशोधक १९५० च्या दशकापासून या फायलींशी परिचित होत्या. पुढे त्या अमेरिकेच्या गुन्हेगारीशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९७५-७६ मध्ये त्यांनी या मुलांना, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषांना, शोधायला घेतलं. न्यायालयाची दप्तरं, रुग्णालयं, मृत्यूच्या नोंदी असं सगळं पालथं घालून ९५ टक्के माणसांचा ठावठिकाणा लावला. ज्यांचा पत्ता मिळाला त्यांना पत्रं पाठवली. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या दोन तृतीयांश माणसांनी लिहिलं की त्या कार्यक्रमाचा फायदा झाला. रस्त्यावरून उचललं, वाटेवर आणलं, कुणीतरी आपली काळजी करतंय हे कळलं, अशा अर्थाची उत्तरं. कुठल्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात रंगीत चौकटीत छापावीत अशी.

नोंदी मात्र वेगळं सांगत होत्या. गुन्ह्याची नोंद असलेल्या माणसांत दुसऱ्यांदा गुन्हा करणारे मदत मिळालेल्या गटात ७८ टक्के निघाले, न मिळालेल्या गटात ६७ टक्के. दारूच्या आहारी गेल्याच्या खुणा मदत मिळालेल्यांत जास्त. गंभीर मानसिक आजाराच्या खुणा जास्त. मेलेल्यांत मदत मिळालेले कमी वयात मेले होते. नोकऱ्याही त्यांच्याच कमी प्रतिष्ठेच्या. जिथे दोन गटांत फरक होता, तिथे तो मदतीच्या विरुद्ध बाजूला झुकलेला होता. १९७८ मध्ये हा निबंध छापून आला तेव्हा मॅकॉर्ड यांच्यावर लोक चिडले, आणि ते साहजिक होतं. दोन हातांनी दिलेली गोष्ट विष निघाली, असं कुणी म्हणालं तर आपणही आधी म्हणणाऱ्याकडेच रागाने पाहू.

वर्गात या ठिकाणी शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, समुपदेशकांनीच नीट काम केलं नसेल.’ ही पळवाटही मॅकॉर्ड यांनी तपासली होती. ज्या घरांनी कार्यक्रमाला दाद दिली नाही, दार लावून घेतलं, तिथे मदतीच्या गटातल्या मुलांचं काही बिघडलं नव्हतं. नुकसान झालं ते सहकार्य करणाऱ्या घरांतल्या मुलांचं. मदत जितकी जास्त आणि जितकी दीर्घ, तितका निकाल वाईट. औषधाचा डोस वाढवावा आणि ताप चढावा, तसं.

सुरुवातीला मॅकॉर्ड यांनी चार-पाच कारणं सुचवली. बाहेरच्या माणसाची मूल्यं आणि घरची मूल्यं यांत मूल ओढलं गेलं असेल. मदतीची सवय लागली असेल. अपेक्षा वाढल्या आणि कार्यक्रम संपल्यावर जग फिकं वाटलं असेल. ‘मला मदत लागते, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असं मुलाने ताडलं असेल. सगळी कारणं पटण्यासारखी आहेत, आणि पटण्यासारखी असणं हाच त्यांचा दोष आहे. कुठल्याही फसलेल्या कार्यक्रमाला ती लावता येतात.

बऱ्याच वर्षांनी त्या पुन्हा फायलींकडे वळल्या आणि मदतीचे प्रकार सुटे करून पाहिले. शिकवणी वेगळी, दवाखाना वेगळा, शिबिर वेगळं. तेव्हा गाठ सापडली. वाईट निकाल म्हणजे काय ते त्यांनी पक्कं ठरवून घेतलं होतं: गंभीर गुन्ह्यात शिक्षा, पस्तिशीच्या आत मृत्यू, किंवा मद्यासक्ती वा मोठ्या मानसिक आजाराचं वैद्यकीय निदान. एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला गेलेला मुलगा आणि त्याच्या जोडीतला घरीच राहिलेला मुलगा यांची तुलना केली, तर असा निकाल शिबिरवाल्याच्या वाट्याला येण्याचं प्रमाण घरी राहिलेल्याच्या तुलनेत दहास एक होतं. बाकीची बरीचशी मदत एकट्याला, घरी, समोरासमोर मिळत होती. समवयस्क मुलांच्या सहवासात सलग राहायची, खायची, झोपायची सोय फक्त शिबिरात होती.

१९९९ मध्ये हा निष्कर्ष एका जोडनिबंधात प्रसिद्ध झाला. त्यात मॅकॉर्ड यांच्याबरोबर टॉमस डिशियन आणि फ्रांस्वा पुलँ हे दोघे होते. डिशियन यांनी शिबिराच्या तंबूत काय घडत असेल त्याचा एक तुकडा, जवळपास अर्ध्या शतकानंतर आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, चित्रफितीवर पकडला होता.

ओरेगन राज्यात २०६ मुलांचा अभ्यास चालू होता. मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा प्रत्येकाला सांगितलं, तुझ्या जवळच्या मित्राला घेऊन ये. दोघांना एका खोलीत बसवलं, समोर कॅमेरा, आणि बोलायला दिलं पंचविसेक मिनिटं. विषय साधे: सुट्टीचा बेत, एकमेकांच्या अडचणी. मग फिती पुन्हा पुन्हा पाहून दोनच गोष्टी टिपल्या. मुलं काय बोलतात: नियम मोडण्याविषयी की इतर काही? आणि समोरचा काय करतो: हसतो की गप्प राहतो?

हे डोळ्यांसमोर आणून पाहा. एक मुलगा सांगतो, परवा मास्तरांच्या गाडीची हवा सोडली. दुसरा खो खो हसतो. पहिल्याला ऊब मिळते. तो आणखी एक किस्सा काढतो, जरा वरच्या पट्टीतला. पुन्हा हशा. आता दुसऱ्यालाही काही सांगावंसं वाटतं, कारण या खोलीत कशाला भाव आहे ते त्याला कळलं आहे. दुसऱ्या जोडीत तोच हवा सोडल्याचा किस्सा निघतो आणि मित्र ‘हं’ म्हणून मॅचचा विषय काढतो. किस्सा तिथेच विझतो. सभ्य जोड्यांमध्ये वात्रट बोलणं होतंच नाही असं नव्हतं. तिथे त्याला गिऱ्हाईक नव्हतं, इतकंच. ज्या जोड्यांमध्ये नियम मोडण्याच्या गप्पांवर हशा पिकत होता, त्या मुलांचे गुन्हे पुढच्या दोन वर्षांत वाढले.

यात कुणी कुणाला बिघडवत नाही. धाक नाही, आमिष नाही, ‘चल, चोरी करू’ असं कुणी म्हणत नाही. फक्त हसणं आहे. वर्गात मी सांगते, हशा हे तेरा वर्षांच्या मुलाचं चलन आहे, आणि ते छापायचा कारखाना दोन मुलं एकत्र आली की सुरू होतो.

याच डिशियन यांनी दुसरीकडे ११९ मुलामुलींवर एक कार्यक्रम चालवला. वाट चुकण्याच्या बेतात असलेली ११ ते १४ वर्षांची मुलं. काही गटांत फक्त पालकांना मार्गदर्शन, काहींत फक्त मुलांचे गट, काहींत दोन्ही. मुलांचे गट छान चालले. गटप्रमुख प्रशिक्षित, विषय चांगले, मुलं खूश, घरातली भांडणंही कमी झाली. आणि वर्षभरात, पुढे तीन वर्षांनीही, गटांत बसलेल्या मुलांमध्ये तंबाखू आणि शिक्षकांना दिसणारी गुंडगिरी वाढलेली आढळली. नंतर फितींवरून दिसलं की बिघाड सत्रात होत नव्हता. तो होत होता सत्राच्या आधी, नंतर आणि मधल्या सुट्टीत, जेव्हा मोठा माणूस चहाला गेलेला असतो.

आपल्याकडे संगतीविषयी बोलताना नासक्या आंब्याची म्हण हमखास येते. एक नासका आंबा अढी नासवतो. पालक मुलाची समजूत घालतात ती हीच म्हण सांगून, आणि पोलीस ठाण्यात बापाचं पहिलं वाक्यही तेच असतं: ‘साहेब, आमचा तसा नाही हो, त्या पोरानं बिघडवला.’ गंमत अशी, की त्या दुसऱ्या पोराचा बापही पलीकडच्या बाकावर हेच सांगत असतो. मला वाटतं, म्हणीत आंब्याकडे पाहिलं गेलं आणि अढीकडे पाहायचं राहिलं. कोकणात ज्याने अढी घातली आहे त्याला माहीत असतं, की गवतात एकमेकांना लागून ठेवलेली फळं एकमेकांच्या उबेनेच तयार होतात. तेच फळ एकटं फळीवर ठेवा, वेगळं पिकतं.

याला आधारही आहे. सेंट लुईस शहरात रोनाल्ड फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या क्लबांमध्ये गट पाडले. काही गट फक्त त्रासदायक मुलांचे, काही गटांत दहा-पंधरा सरळ मुलांत एखाद-दुसरा त्रासदायक. १९८३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. मिश्र गटातली त्रासदायक मुलं सुधारली, आणि त्यांच्यामुळे सरळ मुलं बिघडली नाहीत. नासक्या आंब्याच्या म्हणीप्रमाणे नेमकं उलट व्हायला हवं होतं. फ्लोरिडातल्या बालसुधारगृहांतल्या आठ हजारांवर मुलांचा अभ्यास २००९ मध्ये आला. त्यातही दिसलं की घरफोडीचा अनुभव असलेला मुलगा घरफोडी करणाऱ्या इतरांच्यात राहिला तर सुटल्यावर पुन्हा घरफोडीकडे वळण्याची शक्यता वाढते. ज्याने ती कधीच केली नव्हती, त्याच्यात तसं काही ठळक दिसलं नाही. म्हणजे संगत शून्यातून गुन्हेगार घडवत नाही. जे थोडं सुरू झालेलं असतं, त्याला ती पिकवते.

टोळीच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९६१ ते १९६५ या काळात प्रोबेशन खात्याचे कार्यकर्ते टोळ्यांमध्ये शिरून काम करत होते: साप्ताहिक बैठका, खेळांचे संघ, सहली. माल्कम क्लाइन यांनी चार टोळी-समूहांतल्या सुमारे ८०० मुलांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा गुन्हे वाढल्याचं दिसलं. कारण सरळ होतं. कार्यकर्ता येतो म्हणून बैठक होते, बैठक होते म्हणून टोळी टिकते. जी पोरं एरवी आपोआप पांगली असती, त्यांना दर आठवड्याला एकत्र यायला सरकारी निमित्त मिळालं. मग त्यांनी दुसऱ्या एका टोळीत उलट करून पाहिलं. बैठका बंद, सहली बंद. एकाला नोकरी, दुसऱ्याला शिकवणी, तिसऱ्याला वेगळ्याच क्लबात जागा, सगळं सुटं सुटं. दीड वर्षात टोळीची वीण सैल झाली, नवी मुलं येणं थांबलं, अटका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर काही वर्षांत टोळी पुन्हा पूर्वीसारखी झाली. वस्ती तीच होती, रिकामी दुपार तीच होती. क्लाइन यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

शंका घ्यायला जागा आहे. शिबिराला कुणी जायचं ते नाण्याने ठरलं नव्हतं, समुपदेशकांनी ठरवलं होतं. जास्त अडचणीतली मुलंच दोनदा पाठवली गेली असतील, तर दोष शिबिराचा किती आणि आधीच्या अडचणींचा किती? जोडीतल्या सारख्या मुलाशी तुलना असल्यामुळे ही शंका कमी होते, संपत नाही. २००५ मध्ये एका संशोधक गटाने असे पुष्कळ कार्यक्रम एकत्र तपासून म्हटलं, की गटात घेतल्याने मुलं बिघडतात याला सर्वसाधारण पुरावा नाही. मला स्वतःला वाटतं, की सगळेच गट धोक्याचे नसतात. धोक्याचा असतो तो तक्रारीवरून निवडलेल्या, साधारण एकाच वयाच्या मुलांचा गट, ज्याला भरपूर मोकळा वेळ मिळतो आणि ज्याच्यावर मोठ्यांची नजर पुरेशी नसते. उन्हाळी शिबिर त्यात चपखल बसतं.

वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २००५ मध्येच मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागला, लाल कधी लागेल माहीत नाही, थांबायचं की पुढे दामटायचं? एकटे असताना तेरा ते सोळा वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा फारशी बेफिकीर नव्हती. शेजारी दोन मित्र उभे राहिले की मात्र त्यांचा धोका पत्करण्याचा आकडा दुपटीच्या घरात गेला. चोविशीपुढच्यांच्या मागे मित्र उभे राहिले काय नि न राहिले काय, फरक पडला नाही. आपल्या पोरांना आपण ‘अक्कल नाही का?’ असं विचारतो. अक्कल असते. ती एकट्याची असते.

२०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रोजचा झाला, तेव्हा मला हा पिवळा दिवा आठवायचा. ऊसतोडीचं, नारळ सोलायचं हत्यार पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात, आणि बरोबर ते हत्यार मिरवतानाची रील. चर्चा सगळी कोयत्याची झाली: विकतो कोण, बंदी घाला. मला फोन जास्त महत्त्वाचा वाटत होता. ओरेगनच्या त्या खोलीत हसणारा एक मित्र होता, इथे तीनशे लाइक होते.

आता आपल्या कायद्याचा कागद. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम १२ म्हणतं, की विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला, जामीन द्यायचाच. अपवाद मोजके. त्यातला पहिला असा: सोडल्यास ते मूल एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या सहवासात जाईल असं मानायला वाजवी कारण असेल तर जामीन नाकारता येतो. संगतीची काळजी थेट कायद्यात लिहिलेली आहे, हे मला आवडतं. पण जामीन नाकारला की मूल जातं निरीक्षणगृहात, आणि तिथे असतात त्याच्यासारखीच दुसरी मुलं. बाहेरच्या संगतीपासून वाचवायला आपण त्याला आतल्या संगतीत ठेवतो. वय आणि गुन्ह्याची तीव्रता पाहून मुलं वेगळी ठेवावीत असंही कायदा सांगतो, पण त्यासाठी खोल्या लागतात, माणसं लागतात, आणि संध्याकाळी सात ते दहाच्या मधे कुणीतरी जागेवर लागतं.

परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याने, भरायच्या सामाजिक तपासणी अहवालात मित्रांविषयी एक खाना असतो. बहुतेक मित्र शिकलेले की अशिक्षित, बरोबरीचे की मोठे, व्यसनी, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे? खूण करायची. माझे विद्यार्थी सरावासाठी हा नमुना भरतात तेव्हा मी त्यांना मागच्या कोऱ्या बाजूला आणखी चार ओळी लिहायला लावते: हे मित्र भेटतात कुठे, किती वाजता, तेव्हा तिथे मोठं कोण असतं, आणि कशावर हसतात. चौथ्या ओळीपाशी पेन थांबतं. कारण त्यासाठी वस्तीत जाऊन पारावर, पानटपरीपाशी नुसतं बसावं लागतं, आणि नुसतं बसणं क्षेत्रकार्याच्या तासांत धरायचं की नाही यावर आमच्याकडे वाद आहे.

यंदा हे प्रकरण संपल्यावर एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिचा गट एका शाळेत जातो. ‘मॅडम, मग आपण जानेवारीत सहल काढतोय ती?’

यादी माझ्याच टेबलावर होती. चौदा नावं. मुख्याध्यापकांनी आमच्या विनंतीवरून काढून दिलेली, सातवी-आठवीतली, सगळी तक्रारीच्या वहीतून उचललेली. वर ‘विशेष लक्ष’ असा मथळा, तोही माझ्या अक्षरात. एक रात्र मुक्काम, शेकोटी, मोकळा वेळ दोन तास. मी वीस वर्षं केंब्रिज-सॉमरव्हिल शिकवतेय आणि ही यादी मी स्वतः मागवली होती.

शेवटी सातवी ब सरसकट नेली, एकेचाळीस मुलंमुली, मुक्काम न करता. चौदातली पाच नावं त्यात आपसूक आली. बाकी नऊ जणांसाठी विद्यार्थी एकेकटे घरी जात आहेत, दर शनिवारी. ते काम रटाळ आहे आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत. बसमध्ये शेवटच्या लांब सीटवर कोण बसणार यावरून व्हायचा तो गोंधळ झालाच. त्या सीटच्या मधोमध मी बसले. परतीच्या प्रवासात डाव्या बाजूच्या पोराने मला एक किस्सा सांगितला, शाळेच्या पाण्याच्या टाकीचा. उजवीकडचा फुटला. मलाही हसू येत होतं.